पिलबागेतले तारे

जसोंडीत गोदाबाईच्या ओसरीवर पाट मांडला होता, आणि त्या पाटावर समाधानला मेलेल्या माणसाच्या जागी बसायचं होतं. अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, रीतच तशी. घरातलं माणूस गेलं की पहिल्या अखाजीला त्याच्या नावानं घागर भरायची, घागरीवर खरबूज ठेवायचं, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या मांडायच्या, आणि गेलेल्याच्या जोडीचा कुणीतरी पितर म्हणून जेवायला बोलवायचा. त्यानं पोटभर खाल्लं की गेलेल्याला पोचलं. गोदाबाईच्या गोटूला पोचवायचं, तर समाधानशिवाय दुसरं होतं कोण?

समाधान शाहपूरहून मोटरसायकलवर आला तोच पडलेल्या तोंडानं. त्याच्या पोटात एक गोष्ट होती. ती सांगितल्याशिवाय त्याला घास उतरणार नव्हता आणि सांगितली तर गोदाबाईजवळ मुलाचं जे एकच काही उरलं होतं, तेही जाणार होतं. गोटूनं शोधलेला ताऱ्यांचा गुच्छ आकाशात नव्हताच.

गोटू केळी कापणाऱ्या टोळीतला गडी. हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, कितीही घासले तरी न जाणारे. डोकं मात्र तापट. ‘तुला नाही कळणार’ एवढं म्हटलं की हा पेटलाच. समाधानचं शाहपूरला ऑनलाइनचं दुकान होतं. जमिनीच्या खसऱ्याची नक्कल काढणं, आधारातल्या चुका सुधारणं, फोटो काढून देणं, असली कामं. आधारावर जन्मसाल चुकलं म्हणून गोटू एकदा तिथं आला आणि साल राहिलं बाजूला, पडद्यावरच्या चित्राकडे बघत उभा राहिला.

‘‘हे काय?’’

‘‘कृत्तिका.’’

‘‘नको फेकू. कृत्तिका म्या लहानपणापासून पाहतो. सहा दिसतात. इथं तर पोतंच्या पोतं सांडलंय.’’

समाधानला आकाशाचा नाद पहिल्यापासून होता. त्यानं सांगितलं, की या सगळ्या एकाच ढगातून, जवळजवळ एकाच वेळी जन्मल्या आहेत आणि अजून एकमेकींना धरून चालल्या आहेत. अशा मेळाव्याला खुला तारकागुच्छ म्हणतात. आपल्या आकाशगंगेत असे हजारो सापडलेत आणि न सापडलेले कितीतरी असतील.

‘‘मतलब टिश्यूच्या रोपांची केळीबाग,’’ गोटू म्हणाला. ‘‘एकाच दिवशी लावलेली. कुठलं झाड मोठं झालं, कुठलं खुरटं राह्यलं, पण वय सगळ्यांचं एकच.’’

समाधानला हसू आलं, कारण त्यापेक्षा नेमकं त्याला स्वतःला सांगता आलं नसतं.

तिथून दोघांचं जमलं. लोकांना वाटतं तारे शोधायला रात्र लागते, डोंगर लागतो, गोऱ्या साहेबाची दुर्बीण लागते. हे दोघे भर दुपारी शोधायचे. सकाळी बागेतली कापणी आटोपून गोटू यायचा, समाधान दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचा, आणि कूलरच्या घरघरीत आकाश उघडायचं. एका उपग्रहानं कोट्यवधी तारे मोजून ठेवलेत, ती मोजणी कुणालाही फुकट बघता येते. तिच्यातून एक तुकडा घ्यायचा आणि चाळत बसायचं. एकाच दिशेनं, एकाच चालीनं सरकणारे, आणि आपल्यापासून सारख्याच अंतरावर असलेले तारे वेगळे काढायचे. जत्रेच्या गर्दीतून एका घरचं वऱ्हाड ओळखावं, तसलं काम. लाइट गेली की आकाशही गेलं. मग वीज मंडळाला शिव्या घालत चहा प्यायचा.

आणि एका दुपारी सापडलं. व्याधाच्या ताऱ्याच्या डावीकडे, जिथं डोळ्यांना काळंभोर दिसतं, तिथं ताऱ्यांचा एक पुंजका सोबत सरकताना दिसला. गोटूनं खुर्चीवरून उठून शटर पूर्ण वर ढकललं आणि रस्त्यावर उभा राहून विडी पेटवली.

खरी परीक्षा पुढे होती. गुच्छ खरा असेल तर ताऱ्यांचा रंग आणि तेज मांडल्यावर ते सगळे एका रेघेवर पडायला हवेत, कारण वय एक. यांच्या दोन रेघा पडल्या. खालची लालसर ताऱ्यांची, म्हाताऱ्यांची. वरती थोडे निळे, कोवळे.

पुण्याच्या उषा मॅडम हौशी लोकांचा हा अभ्यास फोनवरून तपासायच्या. बाई शांत, कधी कुणाला कमी न लेखणारी. त्यांनी सांगितलं, ‘‘गोटू, ते निळे तारे वेगळे काढून पुन्हा बघ. मला वाटतं ते जवळचे आहेत, मधे आलेत. तुम्ही अंतराची चाळणी सैल ठेवलीत.’’

‘‘मधे नाही आले मॅडम. ते पिल आहे.’’

‘‘काय आहे?’’

गोटूनं समजावलं. केळीची पहिली लागवड ती नवती. तिचे घड कापले की त्याच बुडातून पिल्लू वर येतं, ते वाढवायचं, ती पिलबाग. जमीन एक, बूड एक आणि वयं दोन. यात नवल ते काय? आमच्याकडे अर्धा तालुका पिलबागेवर जगतो.

‘‘ताऱ्यांना पिल येत नाही रे,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘पहिले तारे पेटले की त्यांचाच झोत उरलेला वायू उडवून लावतो. दुसऱ्या पिकाला काही राहतच नाही.’’

‘‘तुम्ही केळी लावलीये कधी?’’

फोन ठेवल्यावर समाधान म्हणाला, ‘‘एकदा काढून बघायला काय जातंय?’’ तर गोटू उसळला. ‘‘तूबी तिच्यासारखाच? केळीवाल्याचं पोरगं असून?’’ समाधानही शेवटी केळीवाल्याचाच पोरगा. त्यालाही पिलाची गोष्ट पटली होती, आवडली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्या मातीतलं काही वर आकाशात निघालं होतं. त्यानं विषय सोडला.

पण गावात बातमी फुटली आणि गिरधरभाऊंनी ती उचलली. गिरधरभाऊ म्हणजे दर सणाला बसस्टँडवर ज्यांचा चेहरा टांगलेला असतो ते. फ्लेक्स लागला, गाव मराठी पण राज्य हिंदी म्हणून हिंदीत: ‘जसोंडी के लाल ने खोजा तारों का गुच्छा’. वर भाऊंचं मुंडकं भोपळ्याएवढं, खाली कोपऱ्यात गोटू, लिंबाएवढा. गोदाबाईला वाचता येत नव्हतं, पण लिंबाएवढ्या चेहऱ्यावरून बोट फिरवत ती कितीतरी वेळ फ्लेक्सपाशी उभी होती.

पौषात इच्छापूर रस्त्यावर केळीचा ट्रक पलटला. टोळी मालाच्या वर बसली होती. नेहमीच बसते. मालकाला दुसरी गाडी करायला नको, ड्रायव्हरला बोलायला नको, पोलिसाला बघायला नको. घड खाली, माणसं वर, आणि उलटल्यावर माणसं खाली, घड वर. गोटू घडांखालून निघाला तेव्हा त्याच्या अंगावर एवढा चीक होता, की आधी रक्त दिसलंच नाही. समाधान ठाण्यात जाऊन भांडला. माणसं मालावर बसवली कुणी, त्याचं नाव कागदावर आणा म्हणाला. त्यांनी ड्रायव्हरचं नाव आणलं; तोही मेलेला होता. बसस्टँडवर दुसरा फ्लेक्स लागला, श्रद्धांजलीचा. भाऊंचं मुंडकं तेवढंच. गोदाबाईनं आधीचा फ्लेक्स मागून घरी नेला आणि अंगणात खाटेवर सावलीला बांधला. रोज दिवेलागणीला ती खाट व्याधाकडे, गोटूच्या गुच्छाच्या बाजूला, वळवून बसायची. पौषात पूर्वेकडे, मग दक्षिणेकडे, आता पश्चिमेकडे.

मॅडम हौशी लोकांच्या गुच्छांची यादी छापायला देणार होत्या. गोटूचा घालायचा की नाही, हे त्यांनी समाधानवर सोडलं. ‘‘तू म्हणशील तसं,’’ एवढंच म्हणाल्या. मग एका दुपारी समाधान दुकानात एकटा बसला आणि त्यानं चाळणी घट्ट केली. निळे तारे गळले. ते खरंच जवळचे होते, वाटेत आलेले. आता लाल तरी एकजुटीनं राहतील म्हणून पाहिलं, तर त्यांचीही चाल फाकली, एक इकडे, एक तिकडे. गुच्छ होता तो चाळणीच्या सैल भोकांत. हाताशी उरले ते एकमेकांना न ओळखणारे तारे.

आणि आज अखाजी. संध्याकाळी बसस्टँडवर भाऊंचा कार्यक्रम. तिथल्या चौकाला ‘गोटू तारा चौक’ नाव द्यायचं आणि गोदाबाईचा सत्कार करायचा.

गोदाबाईनं समाधानच्या कपाळाला गंध लावलं. ताटात पुरणपोळी, आमरस, कुरडया. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं, सत्कारासाठी कुणीतरी आणून दिलेलं.

‘‘जेव बापा.’’

समाधाननं पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून बसला.

‘‘गोदामाय, एक सांगायचंय. तो गुच्छ नव्हता. आमचं चुकलं. मी पुन्हा तपासलं.’’

ती वाढायचा पळा हातात धरून थांबली. ‘‘नव्हता म्हणजे? विझला?’’

‘‘विझला नाही. तारे आहेत. पण ते एकमेकांचे नाहीत. आम्हाला एकत्र दिसले, बस.’’

‘‘मोजायची मशीन बिघडली असंल.’’

‘‘मशीन बरोबर होती, माय.’’

घागरीच्या तोंडावरलं खरबूज कलंडलं होतं. तिनं ते नीट केलं.

‘‘गोटूले कोणी सांगतलं नव्हतं?’’

‘‘मॅडमनी सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही.’’

‘‘तो कोणाचं ऐके? त्या दिवशी म्याबी सांगतलं, गाडीवर नको बसू. म्हणे, माय, तुले नाही कळत. काही होत नाही.’’ तिचा आवाज चढला नाही. ‘‘मग तुम्ही आता त्याचं नाव काढून टाकसान?’’

‘‘हो.’’

‘‘दुसरं काही नाही त्याच्या नावाचं?’’

‘‘नाही.’’

एवढ्यात दारात गाडी थांबली. गिरधरभाऊ स्वतः आले होते, पांढऱ्या कपड्यांत, कानावरचा फोन काढत. ‘‘चला अम्मा, मंडप भरला. मीडियावाले पण आलेत.’’

समाधान पाटावरूनच म्हणाला, ‘‘भाऊ, तो गुच्छ चुकला. कार्यक्रम नका करू.’’

भाऊ हसले. ‘‘अरे यार, कोण बघायला जातंय वर?’’

‘‘मी जाते,’’ गोदाबाई म्हणाली. ‘‘रोज बघते.’’

भाऊंनी घड्याळात बघितलं. तीच पुढे बोलली. ‘‘येते म्या तुमच्या मांडवात. पोरगं ताऱ्यानं नाही मेलं, मालावर बसवलं म्हणून मेलं. ते माइकवर बोलायचं असंल तर आत्ता येते. गाडी कोणाची होती तेबी सांगते.’’

गाडी भाऊंच्या साडूची होती. तालुक्याला ते ठाऊक होतं.

‘‘अम्मा, आज सणाचा दिवस,’’ भाऊ फोनकडे बघत म्हणाले. ‘‘तो विषय बाद में.’’

‘‘मग माझ्या घरी आज पितर जेवतोय. जा तुम्ही.’’

गाडी वळून गेली. कार्यक्रम काही थांबला नाही. चौकाला नाव पडलं, सत्काराची शाल भाऊंच्या आईला घातली गेली. ती पाटी आजही तिथं आहे.

गोदाबाई परत ताटापाशी आली. ‘‘हात काउन थांबला? पितर उपाशी उठत नाही. खा.’’

‘‘माय, नाही जात.’’

‘‘तुले नाही वाढलं. त्याले वाढलंय. खा.’’

समाधाननं खाल्लं. एकेक घास पाण्यानं ढकलत, ताट स्वच्छ होईपर्यंत खाल्लं. ती समोर बसून प्रत्येक घास बघत होती, आणि रस संपला की न विचारता वाढत होती.

दिवेलागणीला तो निघाला तेव्हा व्याध मावळतीकडे कलला होता. गोदाबाईनं नवं लुगडं उतरवून जुनं नेसलं होतं. तिनं अंगणातला फ्लेक्स सोडला, घडी करून सरपणावर टाकला, मग खाट उचलली आणि भिंतीकडे तोंड करून मांडली.