पहिली हाक

अवसरीच्या घरी भर दुपारी मी कीबोर्डच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे तो चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, कुणीतरी सुचवलेला बदल तपासत होतो. जुना कोड कीबोर्डच्या पहिल्या सिग्नलकडे दुर्लक्ष करायचा आणि दुसरा आला तरच जागा व्हायचा. या शहाण्यानं ती ओळ फालतू म्हणून काढून टाकली होती.

माझं डोकंच फिरलं. आमची आई सांगते, "पयल्या हाकेला ओ देऊ नाय. माणूस आसंल तर परत बोलवंल."

तरी बदल चालवून पाहिला. कीबोर्ड काढून ठेवलेला, आणि स्क्रीनवर बटण दाबल्याची नोंद!

कीबोर्ड परत जोडून मी त्या बदलाला नकार लिहीत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईची हाक आली. तंद्रीत मी "आलो गं" म्हणून बसलो.

दुसरी हाक आलीच नाही. आई सकाळीच बेल्ह्याच्या बाजाराला गेली होती.