बोटांनी वाचायच्या पाट्या

आई छप्पन्नाव्या वर्षी वाचायला शिकली, तीही शाळेत नाही, माझ्या टेबलासमोर बसून. वडील गेल्यावर गव्हाणचं घर भावाकडे सोपवून ती नवीन पनवेलला माझ्या दोन खोल्यांत राहायला आली होती. मी तेव्हाही हेच करत होते. लाकडी फळीवर हातानं एखादं वाक्य काढायचं, मागची जमीन रंगवायची, आणि ती सुविचाराची पाटी म्हणून विकायची. लोक हॉलमध्ये लावतात, ब्यूटी पार्लरमध्ये लावतात. स्वप्नं बघा, उंच उडा, हसत राहा. असल्या वाक्यांचा मला मनापासून वीट आला आहे, पण खपतात तीच. ज्याला उंच उडायचंय तो माझ्याकडून पाटी कशाला विकत घेईल, हा प्रश्न मी गिऱ्हाइकाला विचारत नाही.

आई समोर बसून भाजी निवडायची. मला एक खोड आहे. अक्षर काढताना मी ते तोंडानं पुटपुटते. ब्रश ‘भा’वर असेल तर तोंडात ‘भा’, ‘त’वर गेला की ‘त’. पूर्वी एका जाहिरातवाल्याकडे कामाला होते, तिथले लोक यावरून माझी नक्कल करायचे. आईला मात्र त्याचा उपयोग झाला. कानावर पडणारा आवाज आणि ब्रशखालचा आकार यांची जोडी तिनं आपली आपण लावली. अ आ इ ईचा क्रम तिला शेवटपर्यंत आला नाही. तिला सगळ्यात आधी ळ आला, कारण तो चष्म्यासारखा दिसतो. वर्षभरात ती रिक्षातून जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लागली. रिक्षावाले वैतागायचे, मी लाजायची आणि ती वाचत राहायची.

आई धवलारीण. आमच्या गावांकडे लग्न लागायचं तर हळदीपासूनचे विधी धवलारिणींच्या गाण्यांवर चालतात. ती गाणी, म्हणजे धवले, कुठे लिहिलेली नसतात. आईच्या डोक्यात अशी किती आहेत हे तिलाही सांगता येणार नाही, एकदा ऐकलेलं ती विसरत नाही. पण या पाठ असण्याचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. ते तिला आपोआप मिळालेलं. वाचणं तिनं कमावलं होतं. लग्नघरातल्या बायका पत्रिका घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, “वाच गो, मूर्त कवाचा हाय?” तेव्हा ती चष्मा पुसायला उगाचच वेळ लावायची. तिच्या चेहऱ्यावर तसं सुख मी माझ्या लग्नातही पाहिलं नाही. ते लग्न टिकलं नाही, तेव्हा तिचंच बरोबर होतं म्हणायचं.

मग ती चहा कपाच्या बाजूला ओतायला लागली. दारांच्या चौकटींना खांदा धडकायला लागला. मी तिच्यावर ओरडले, लक्ष कुठे असतं तुझं म्हणून. हे मी लिहून ठेवते आहे, कारण नंतर सगळ्यांना सांगताना मी हा भाग गाळला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू. डोळ्यामागची नस सुकत चालली आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. रोज तीन वेळा थेंब घालायचे, तीन महिन्यांनी यायचं. “आणि वाचायला जड जायला लागलं की तीन महिने थांबू नका,” ते म्हणाले, “तसंच घेऊन या. मग ऑपरेशनचा विचार करावा लागेल.”

आईनं दोष मिठागराला दिला. लहानपणापासून तिनं डोक्यावरून मीठ वाहिलं होतं, भर उन्हात, पांढऱ्या ढिगांमधून. डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध नाही. बाहेर आल्यावर आई म्हणाली, “त्येला काय ठावं? त्यो कवा मिठात गेल्ता?”

मी कामाला लागले. मला वाटलं, अक्षर हा आपला धंदा, रंग आपल्या हातातले, एवढं तरी जमायला हवं. दर सोमवारी आईसाठी एक पाटी करायची असं ठरवलं. वाक्यं उंच उडण्याची नाहीत, तिच्याच तोंडची. पाहुण्याला आधी पाणी. घाईनं भात कच्चा राहतो. ती पाटी खिडकीशी खुर्चीवर ठेवायची आणि आईनं वाचायची.

पहिल्यांदा रंग गेले. पांढऱ्यावरचं पिवळं तिला दिसेना, मग फिकट निळं. पुढे गडद निळं आणि काळं एकच झालं. मी जमीन काळी केली आणि अक्षरं पांढरी. ते काही महिने चाललं. मग पांढऱ्याची तिरीप यायला लागली, म्हणून हळदीसारखा पिवळा घेतला, तो नारिंगीकडे झुकवला, अक्षर वीतभर उंच केलं, काने आणि वेलांट्या जाड केल्या. वहीत मी प्रत्येक रंगाचा ठिपका लावून शेजारी लिहायची, दिसला, नाही दिसला. ‘नाही दिसला’चं पान भरत चाललं होतं. मला ते पान बघवायचं नाही, म्हणून मी वही बदलली.

मग पोत. डोळ्यांना बोटांची मदत द्यायची, हे माझ्या डोक्यात आलं आणि मी पार हुरळून गेले. अक्षरावर गोंद लावून तांदळाची कणी पसरली, तिला मुंग्या लागल्या. रांगोळी लावली, ती बोटाला येऊन सुटली. जाडं मीठ लावलं तेव्हा आई पोट धरून हसली. “आता मीठ भिंतीवर लावतंस?” आठवड्याभरात पनवेलच्या दमट हवेनं पाटीला घाम फुटला आणि अक्षरं ओघळली. शेवटी भिंतीच्या पुट्टीत चाळलेली वाळू मिसळून अक्षर उचललं, जमीन गुळगुळीत ठेवली आणि वर काळ्यावर नारिंगी रंग दिला. त्या सोमवारी आईनं अक्षरावरून बोट फिरवलं आणि न अडखळता वाचलं, “उद्याचं उद्या, आजची भाकरी गरम आहे.”

मी रडले. मग स्वतःची पाठ थोपटून घेतली.

त्यानंतर ती एकही पाटी चुकली नाही. दर सोमवारी बोट डावीकडून उजवीकडे जायचं, जोडाक्षरापाशी थोडं रेंगाळायचं आणि वाक्य बरोबर यायचं. मी हे सगळ्यांना सांगत सुटले. पनवेलच्या एका प्रदर्शनात मी ‘बोटांनी वाचायच्या पाट्या’ म्हणून वेगळं टेबल मांडलं. आईला शेजारी बसवलं. बायका गर्दी करून बघायच्या, आई बोट फिरवून वाचायची, बायका च् च् करून पाट्या घ्यायच्या. त्या दिवशी डॉक्टरांची तारीख होती, ती गेली. पुढची तारीख आली तेव्हा मीच म्हटलं, एवढं छान वाचतेस, कशाला चार तास बाकावर बसायचं? आई म्हणाली, “नाय तं काय.” दोन्ही वेळा निर्णय माझा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरात माझ्याच टेबलाखाली होता.

मग थंडीत माझा घसा बसला. साधा नाही, आवाजच गेला. चार दिवस एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं मला सांगितलं गेलं. सोमवारची पाटी मी तोंड मिटून केली. वाक्य होतं, ‘दुपारी वारा पडला’. आई समोरच बसली होती. ती दोन-तीनदा म्हणाली, “आज काय बोलत नाय तू?” तिला घशाचं माहीत होतं, तरी विचारत होती. मी तिचा हात दाबला आणि काम केलं.

रंग वाळल्यावर पाटी खुर्चीवर ठेवली. आई आली, बोट ठेवलं, नेहमीसारखं सावकाश फिरवलं. म्हणाली, “घाईनं भात कच्चा राहतो.”

मला वाटलं थट्टा करते आहे. मी खांद्याला हात लावून तिला परत पाटीकडे वळवलं. ती परत तेच म्हणाली. बोट ‘वारा’वर होतं आणि तोंडात ‘कच्चा’ होता. मी टेबलाखालून एक कोरी फळी काढली. त्यावर नुसता वाळूचा हात दिलेला होता, अक्षर एकही नव्हतं. ती खुर्चीवर ठेवली. आईनं त्या खरखरीत फळीवरून बोट नेलं, मध्ये थांबवलं, पुढे नेलं आणि तिसऱ्यांदा तेच वाक्य म्हटलं. जोडाक्षराच्या जागी बोट रेंगाळलंसुद्धा.

इतके महिने ती माझं पुटपुटणं ऐकत होती. आठवड्यातून एक वाक्य लक्षात ठेवायचं, तिच्यासारख्या बाईला ते किती? माझी वही, माझे रंग, माझी वाळू, यातलं काहीच चाललं नव्हतं. चालत होतं ते फक्त माझं तोंड.

मला काही बोलता येत नव्हतं. कागदावर लिहून दाखवावं म्हणून सवयीनं पेन उचललं आणि ते हातातच राहिलं. आई खुर्चीकडे तोंड करून उभी होती, मी काही म्हणण्याची वाट बघत. शेवटी घशातून कसाबसा आवाज काढला. “आई, यावर काही नाही.”

ती म्हणाली, “बरं.” आणि भिंत चाचपत आत गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. डावा डोळा संपला होता. उजव्यात उजेड कळत होता आणि हाललेला हात कळत होता. त्यांनी जुनी तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं पान उलटलं. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ऑपरेशन लगेच करायचं, आहे तेवढा उजेड टिकला तर टिकेल, वाचणं परत येणार नाही, एवढं त्यांनी सांगितलं.

येताना रिक्षात मला राहवलं नाही. बसक्या आवाजात मी विचारलं, का केलंस असं? माझ्यासाठी ना? मला वाईट वाटू नये, माझ्या पाट्या खपाव्यात म्हणून ना? मला हेच उत्तर हवं होतं. ते मिळालं असतं तर मी तिला माफ केलं असतं, स्वतःलाही थोडंफार.

“तुज्यासाटी कशाला?” आई म्हणाली. “मना वाचता येतं, एवडंच माजं व्हतं. त्ये मी कसं सोडू?”

रिक्षा विचुंब्याच्या फाट्यापाशी अडकली होती. बाहेर नव्या इमारतींच्या जाहिराती लागल्या होत्या, माणसाएवढ्या अक्षरांत. पूर्वी असती तर तिनं एकूण एक वाचली असती. ती समोर बघत बसली आणि मी त्या मनात वाचत राहिले. तिला वाचून दाखवायचं धाडस झालं नाही.

ऑपरेशनचं काय झालं ते सांगून टाकते. उजेड टिकला. दारातून कोणी आलं की तिला सावली कळते. कोण आलं ते आवाजावरून कळतं. धवले ती अजून म्हणते, बायका तिला हात धरून हळदीला नेतात. पत्रिका आता कोणी तिच्याकडे आणत नाही. पण मला राहून राहून आठवते ती ऑपरेशनच्या सकाळची गोष्ट.

नर्स संमतीचा कागद घेऊन आली. सही किंवा अंगठा, म्हणाली, आणि आईकडे बघून शाईचा पॅड आधीच उघडला. पॅडचं झाकण वाजलेलं आईला ऐकू आलं. “अंगठा नाय,” ती म्हणाली. “मना सही येते.”

मी पेन तिच्या हातात दिलं आणि पेनाचं टोक ओळीवर टेकवून दिलं. तिच्या नावात तीन अक्षरं आहेत. पहिलं तिनं नीट काढलं, माझ्याकडून शिकली होती तसं, काना जाड करून. दुसरं काढताना हात उजवीकडे सरकला आणि ते अर्धं कागदावर आणि अर्धं बाहेर पडलं. तिसरं अख्खं टेबलाच्या पांढऱ्या सनमायकावर उमटलं. तिनं तिन्ही अक्षरांवर सावकाश रेघ ओढली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ.

“ओलीवर हाय ना?” तिनं विचारलं.

“आहे,” मी म्हटलं. “अगदी ओळीवर आहे.”

ती खूश झाली. नर्सनं माझ्याकडे पाहिलं, कागद उचलला आणि सनमायका पुसायला स्पिरिटचा बोळा घेतला. मी नर्सचा हात धरला. आईला ऐकू जाऊ नये म्हणून मान हलवूनच तिला नको म्हटलं.