गुणाबाईने दिराला वाकवलं

कोन नावाच्या गावात गुणाबाईचा आवाज कुणी नीट ऐकला असेल, तर तो तिच्या मोरी गाईने. थोरले दीर केसरीनाथ अंगणात आले की गुणाबाई पदर पुढे ओढून आत पळायची. केसरीनाथ कापड विणायच्या लूमवर मुकादम. शिफ्ट सुटली तरी त्यांचं मुकादमपण काही सुटत नसे.

गोदामाच्या पत्र्याने मोरीची मांडी फाटली, तेव्हा त्यांनी लूमचं काळं तेल आणून जखमेत ओतलं. माशा बसत नाहीत, आमचे कामगारही हेच लावतात, म्हणाले. वरून झकास खपली धरली. केसरीनाथ आळीभर मिरवले. इकडे खपलीखाली पू साचला आणि मोरी पाय टेकेना.

तेव्हा गुणाबाईने, कुणाला न विचारता बरं का, गुरांच्या डॉक्टरीणबाई धम्मदिनांना बोलावलं. त्यांनी खपली काढली, पू काढला, धुण्याची रीत शिकवली, मलम दिलं. तेलाचा थेंब नको, म्हणाल्या. घाण वास गेला आणि तळातून लाल, दाणेदार मांस वर येऊ लागलं की समजायचं, जखम भरतेय. धक्का लागला तर थोडं रक्त येईल, घाबरायचं नाही.

तसंच झालं. पण शेजारच्या जानकीबाईने डोकावून ते लाल पाहिलं, आणि गुणाने गाय सडवली ही बातमी चहा गाळून होईस्तोवर गावभर. केसरीनाथ टेम्पोसकट गिऱ्हाईकच घेऊन आले. जनावर मरण्याआधी देऊन टाकू, म्हणाले.

गुणाबाई गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. पदर खांद्यावर घसरला होता. तिने तो वर घेतला नाही.

"भावजी, आधी वाका. वास घ्या."

आळी बघत होती, वाकणं भाग होतं. केसरीनाथांनी मांडीजवळ नाक नेलं. मोरीने शेपूट फिरवली, ती नेमकी मिशांवर. जानकीबाई फिसकन हसली.

"येतो वास?"

"न्हाय," ते पुटपुटले.

"मग हे नवं मांस हाय. सडलं होतं ते तुमच्या तेलाखाली. गाय माझ्या माहेरची हाय, इकायची न्हाय."

गिऱ्हाइकाने मुकाट टेम्पो वळवला. या घरचं पाणीही पिणार नाही, असं केसरीनाथ बजावून गेले. गुणाबाई "बरं" म्हणाली आणि जखम धुवायला बसली. गोठ्याचं दार तिने सताड उघडं ठेवलं. बघायचं त्याने खुशाल बघावं, हात लावायचा तर धुऊन यावं.