हिमरू शालीची उलटी बाजू

बाबांना कपड्यावर लोंबता दोरा दिसला की चैन पडायचं नाही. संग्रामपूरच्या कचेरीत ते कारकून होते. उसवलेलं शिवायचं काम आईचं, पण दोरा कापायचा मान त्यांचा. त्यासाठी खिशात छोटी कात्री कायम असे. आम्ही त्यावरून त्यांची भारी चेष्टा करायचो. आता त्या कात्रीची आठवण आली तरी माझं डोकं फिरतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. त्या हिवाळ्यात आईच्या छातीच्या दुखण्याने उचल खाल्ली. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, आता फक्त तिला हवं-नको ते बघा. आईने तिची हिमरू शाल मागितली.

ती शाल आजोबांनी तिच्या लग्नात औरंगाबादहून आणली होती. सूत आणि रेशीम एकत्र विणलेली, मेंदीच्या रंगावर लाल-पिवळ्या फुलांची वेल. विणकराने आजोबांना सांगितलं होतं, दिल्लीच्या सुलतानाने राजधानी दौलताबादेला हलवली तेव्हा आमचे पूर्वज आले, हे फूलही त्यांच्यासोबत आलं. नुसतं रेशीम पुरुषाने अंगावर घालू नये असा त्यांच्या धर्माचा दंडक, म्हणून त्यात सूत. ते फूल ना गुलाबाचं, ना कमळाचं.

"कोन्या झाडाचं हाय हे?" मी लहानपणी विचारायची.

"मागावरचं," आई म्हणायची.

बाबांनी पेटीतून शाल काढली आणि उलटी बाजू बघून त्यांचा चेहराच उतरला. हिमरूच्या मागे रेशमाचे धागे एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत सैल लोंबत असतात. ते विणकामच तसं. बाबांना वाटलं, शाल विसकटली, आपण नीट सांभाळली नाही. ओसरीवर बसून त्यांनी एकेक धागा फुलाच्या कडेला कापला. जन्मात बायकोला कधी गजरा न आणलेला माणूस! मी शाळेतून आले तेव्हा ते ती शाल आईच्या अंगावर घालत होते.

"पाह्य, कशी साफ केली. मांगून पुरी विस्कटली होती."

आईने शालीचा कोपरा उलटून पाहिला. तिचा हात थांबला. मग ती हसली. "लय छान झाली. नवीच केली तुमी."

बाबा इतके खूश झाले, की स्वतः चहा करायला उठले.

ते आत गेल्यावर आईने एका पाकळीवरून बोट फिरवलं. लाल रेशमाचे तुकडे बोटाला चिकटून आले. फुलांना मागून धरून ठेवणारं आता काही राहिलं नव्हतं.

"झटकू नको कधी," ती म्हणाली. "अन् त्यायले सांगू नको. माही शपथ हाय तुले."

मला रडू फुटलं. खरं सांगते, तेव्हा मी शालीसाठी रडले. रोज सकाळी बाबा उठायच्या आत मी अंथरुणावरचे तुकडे वेचून चुलीत टाकायची.

संक्रांतीच्या आधी आई गेली. अंगणात बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, कुंकू लावलं. शाल तिच्यावरच घाला, असं कुणीतरी म्हणालं.

"नाही," बाबा म्हणाले. "पोरीले राहू द्या मायची आठवन."

आणि घडी घालण्याआधी सवयीने, दोन्ही टोकं धरून, त्यांनी शाल जोरात झटकली.

फुलं उडाली. लाल-पिवळे तुकडे बायकांच्या केसांवर, बाबांच्या धोतरावर, आईच्या तोंडावर जाऊन पडले. बाबांच्या हातात मेंदी रंगाचं कापड तेवढं राहिलं. एक तुकडा उचलून ते बघत राहिले.

"हे म्या केलं काय?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "कसर लागली होती शालीले."

बाबा आईजवळ बसून तिच्या चेहऱ्यावरचे धागे वेचू लागले. माणसं उचलायला पुढे आली, तसा त्यांनी हात आडवा केला.

"थांबा," ते म्हणाले, "अजून राह्यले."