माणसाळलेला

संग्रहालयात एक जुना फोटो आहे. बाजेवर चित्ता बसलेला, डोळ्यांवर चामड्याची टोपी, कमरेला पट्टा. शेजारी राखणदार ऐटीत उभा. खाली लिहिलंय, ‘माणसाळलेला चित्ता’. आपल्याकडचे चित्ते संपले, फोटो उरला.

आबा, म्हणजे माझे वडील, बराच वेळ बघत राहिले.

“टोपी कधी काढायचे रे?”

“हरीण दिसलं की. शिकारीपुरती.”

“आणि पिल्लं?”

“कैदेत होत नव्हती. रानातून नवे धरून आणायचे.”

“मग संपणारच की, लेका.”

माणसाळणं हा शब्द आपण किती मायेने वापरतो! जनावराचं सगळं हिरावून घ्यायचं आणि वर त्याला आपलं नाव द्यायचं.

गावाहून आणल्यावर आबा दोनदा जिना उतरून एसटी स्टँडवर गेले होते. तेव्हापासून कामावर जाताना मी बाहेरून कुलूप लावतो. हल्ली ते जायचं नावही काढत नाहीत. परवा शेजारणीला मी कौतुकाने म्हणालो, “आता माणसाळलेत आबा.” ते आतून ऐकत होते.

संग्रहालयातून त्यांना घरी सोडून मी ऑफिसला निघालो. कॉटवर बसून त्यांनी चष्मा काढला.

“कुलूप लाव बाबा,” ते हसून म्हणाले, “चित्ता पळेल.”

मी लावलं.