टाकीतले अठरा फूट

माझे काका सत्तावीस वर्षं पाण्याच्या टाकीवर आहेत. रोज सकाळी सातला एकशे चार पायऱ्या चढायच्या, पट्टीवर पाणी किती फूट ते बघायचं आणि खाली येऊन क्लिपच्या पॅडवर लिहायचं. कालचा कागद खाली, आजचा वर. साहेब आले की पॅड पुढे करायचं. वरचा कागद म्हणजे आजचं पाणी. एवढ्यावर अख्खी नोकरी झाली.

मग ऑफिसला शीट हवं झालं. घरात कॉम्प्युटर शिकलेला मीच, म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी. दोन कॉलम केले, तारीख आणि फूट. जुने दोन महिने मीच भरले. बाजूला एक पिवळा चौकोन करून त्यात फॉर्म्युला टाकला: शेवटची नोंद उचल आणि इथे दाखव. तो चौकोन बघून साहेब पंप किती वेळ चालवायचा ते ठरवणार होते. सोमवारपासून काका स्वतः भरणार होते. मधे एखादा दिवस राहिलाच तर नवी ओळ कशी घुसवायची, हेही मी त्यांना शिकवलं. तेच भोवलं.

सोमवारी चौकोनात अठरा फूट. मंगळवारी अठरा. बुधवारी अठरा, आणि उंचावरच्या घरांचे नळ कोरडे. साहेब स्वतः टाकीवर चढले तर पाणी सहाच फूट.

"काका, पट्टी दिसत नाही तर सांगायचं तरी," साहेब नरमाईने म्हणाले, म्हणून काकांना जास्तच लागलं. "उद्यापासून गेटवर बसा. वर चढायला दुसरा माणूस बघतो."

काका घरी येऊन एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.

"मी सहाच लिहिलं रे," मला म्हणाले. मग दुसरा डोळा झाकून, "लिहिलं ना मी सहा?"

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," काकू म्हणाली. "परवा बाजारात भलत्याच बाईची पिशवी उचललीत."

"पिशवीची गोष्ट वेगळी."

मी फोनवर शीट उघडून सरळ तळाला गेलो. शेवटची ओळ रविवारची, अठरा फूट, माझ्याच हातची. "काका, तुम्ही काही भरलेलंच नाही."

"तीन दिवस भरतोय!"

"मग गेलं कुठे?"

"तुझ्या यंत्रात गेलं. मला काय विचारतोस?"

फॉर्म्युला पुसून पुन्हा लिहिला. अठरा. फोन बंद करून चालू केला. अठरा. मी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे. दोघांपैकी वेडं कोण ते ठरेना. शेवटी म्हटलं, "माझ्यासमोर भरून दाखवा बघू."

काकांनी चष्मा सारखा केला, शीट भराभर वर नेलं, थेट मथळ्यापाशी. तिथे एक कोरी ओळ घुसवली. तिच्या खाली बुधवार, मंगळवार, सोमवार शहाण्यासारखे एकाखाली एक बसलेले. बुधवार, सहा फूट.

"इथे वर का?"

"मग कुठे? आजचं वरच असतं."

माझा फॉर्म्युला बिचारा रोज रकान्याच्या तळाशी जायचा आणि रविवार उचलून आणायचा. मी कोरी ओळ काढली आणि त्याला नवं काम सांगितलं: तळाला जाऊ नकोस, सगळ्यात अलीकडची तारीख शोध, तिच्या शेजारचे फूट आण. चौकोनात सहा आले.

साहेबांना फोन लावला. "काकांचे डोळे ठीक आहेत. फॉर्म्युल्याची चूक होती."

"फॉर्म्युला कुणाचा?"

"माझा."

"मग गेटवर तू बस," साहेब म्हणाले, आणि सकाळी सातला काकांनाच टाकीवर पाठव म्हणून सांगितलं.

काका खूश व्हायचं सोडून विचारातच पडले. "पण ते नवं शोधायला खाली का जात होतं? टाकीतसुद्धा नवं पाणी वरूनच पडतं की."



"म्हणजे डोळे चांगले आहेत?" काकूने विचारलं.

"अगदी."

"मग ती पिशवी?"

काका चष्मा पुसायला लागले.