कमान कुणी बांधली

"आज्या काय करायचा तुमचा?" छावणीतल्या जुन्या बंगल्याचा म्हातारा रखवालदार फाटकाशीच विचारायचा. उत्तर मिळालं की किल्ली काढायचा.

बंगला इंग्रजांच्या पलटणीच्या काळातला. आता तिथं कोचिंग क्लास आहे. साहेबाची मडम, तिचा पियानो, तिचं लाडकं कुत्रं, सगळा इतिहास म्हाताऱ्याला तोंडपाठ. मी तेव्हा नवी मास्तरीण, दोन वेण्यांची एक केली म्हणून विद्वान झालेली. वही घेऊन त्याच्या मागं फिरायचे.

"आजोबा गवंडी होते," मी म्हटलं. त्यानं मला दर्शनी कमानीखाली उभं केलं. "मग ही त्याच्याच हातची, मास्तरीणबाई. चुना बघा. अजून हलला नाय."

आमच्याकडं आजोबांचा फोटोसुद्धा नव्हता. मी अण्णांना घेऊन गेले. माझे वडील वाळूजच्या कारखान्यात फिटर, मोजकं बोलणारे. त्यांनी चपला काढल्या आणि कमानीला कपाळ टेकलं. मग दर सुट्टीला जाऊ लागले. पाहुणा आला की त्यालाही न्यायचे. मी शाळेत त्यावर भाषण ठोकलं. बंगल्याच्या वयातून आजोबांचं वय वजा करून बघावं, हे मला सुचलं नाही. आणि मी शिकवायचे गणित, बरं का.

एकदा एकटीच गेले. आत वैजापूरचं जोडपं होतं. त्या माणसाचा आज्याही गवंडीच. म्हातारा कमान थोपटत म्हणत होता, "तुमच्याच आज्याच्या हातची. चुना बघा."

ते गेल्यावर मी त्याला गाठलं. "बाबा, मग माझ्या आजोबांनी काय बांधलं?"

"कायतरी बांधलंच असंल की."

"खोटं का सांगितलं?"

"साहेबाचं नाव दगडात हाय. बांधणाऱ्याचं कुठंच नाय. ज्याला पायजे त्यानं घ्यावं." त्यानं कुलूप लावलं. "बापाला सांगायचं तर सांगा. मी अडवत नाय."

सांगायचंच, असं ठरवून घरी आले. अण्णा शेजाऱ्याला हात उंचावून कमानीची उंची दाखवत होते. मी चहा टाकला.

पुढं काही वर्षांनी अण्णा वारले, तेव्हा म्हातारा घरी भेटायला आला. चारचौघांत त्यानं कमानीची गोष्ट काढली. "मास्तरीणबाईला इचारा," म्हणाला. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला तो झटकता आला नाही.